गाऊनवरचा चौक

चैत्र सरत आला तशी वाडीची विहीर तळाला गेली. बायका दोरीला दोरी जोडून पोहरा सोडायच्या आणि अर्धा गाळ, अर्धं पाणी वर ओढायच्या. त्याच दिवसांत हिरूच्या मुलीचं, प्रियाचं, लग्न ठरलं, आणि दशरथने हिरूला आपल्या अंगणात बोलावून घेतलं.

दशरथ म्हणजे हिरूच्या नवऱ्याचा, मंगळ्याचा, थोरला भाऊ. मंगळ्या गेल्यापासून हिरूच्या घरातलं काहीही असलं तरी त्याच्या कानावर घालावं लागे. तो खाटेच्या कडेला बसला होता. त्याची बायको पारू उंबऱ्याशी सुपात मोहाची फुलं निवडत होती. हिरू पदर डोक्यावर ओढून खांबाशी उभी राहिली.

"पोरगा वायट नाय," दशरथ म्हणाला. "रसायनीत कामाला हाय, दारू पीत नाय, समदं आयकलं मी. पन ख्रिस्ती हाय. वाडी मांडवाला उभी राहायची नाय. वाडीचा कारभारी हिरामण काल तोंडावर बोलला मला."

"मंग हळद कुटं लावायची, दादा?"

"मांडवच नाय तर हळद कुटली? तिकडंच लावा काय ते. मी पोरीला अडवत नाय. पन माज्या दारात मांडव नको."

पारूने सुपातून वर पाहिलं नाही. फुलांतला कचरा वेचून ती बाजूला टाकत राहिली. हिरूने पदर सारखा केला. मग "बरं" म्हणून निघाली.

घरी येऊन ती ओट्यावर बसली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. मांडव नाही म्हणजे भिंतीवर चौक नाही. ठाकरांच्या घरात लग्न निघालं की आधी भिंत सारवायची, तिच्यावर गेरूचा हात द्यायचा आणि सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा. चौकटीच्या आत धान्याची देवी कणसरी, तिच्या अंगाला चंद्र-सूर्य, शिडी, फणी, मोहाचं झाड, घोड्यावरचे नवरा-नवरी. चौक लिहून झाल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नसे.

एके काळी हिरूसारखा चौक लिहिणारी बाई या डोंगराच्या पायथ्याला दुसरी नव्हती. बांबूची काडी चावून तिचा कुंचला करायचा आणि एकदा भिंतीला टेकवला की रेघ संपेपर्यंत उचलायचा नाही, असा तिचा हात. दुसऱ्या वाड्यांतून तिला बोलावणी यायची. मग मंगळ्या गेला. माथेरानच्या हॉटेलांना सामान पोचवायचं काम करायचा. डोक्यावर गॅसचं सिलिंडर घेऊन चढताना वाटेतच बसला, आणि बरोबरच्यांनी हाक मारली तेव्हा उठला नाही. त्याच्यानंतरच्या पहिल्या लग्नात हिरू पिठाची वाटी घेऊन निघाली होती. वाटेत तिला कळलं की पारूने चौक लिहायला घेतलाही. येऊ नकोस असं तिला कोणी म्हणालं नाही. नुसतं बोलावणं आलं नाही, आणि पुढेही कधी आलं नाही.

त्यानंतर ती कर्जतला हर्षलाच्या दुकानात सुईकाम करायला लागली.

हर्षला लग्नाचे कपडे शिवायची. नदीकाठच्या फार्महाऊसांवर लग्नं लावायला मुंबईची माणसं यायची आणि त्यातल्या बऱ्याच नवऱ्या मुली तिच्याकडे वळायच्या. आलेल्या मुलीला आधी बसवून ती विचारायची, तुमच्या घरात काय काय आहे? आजी काय नेसायची? अंगणात काय काढतात? मग ते कपड्यात आणायची. एका बंगाली मुलीच्या गाऊनच्या घेरावर अल्पना रांगोळीची वेल काढली होती, एका पारशी मुलीच्या बाह्यांवर तिच्या आजीच्या साडीचा काठ. त्यावरचं बारीक हातकाम हिरूचं असे.

प्रियाचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा हर्षलाने मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून हिरूला समोर बसवलं.

"चर्चमध्ये लग्न म्हणजे पांढरा गाऊन लागणार. तो आपल्याकडेच होणार, हिरूताई. कापड माझ्याकडून आहेर. आता सांगा, त्यावर तुमच्या घरचं काय घालायचं?"

हिरू हसली. "आमच्या घरचं काय असायचं, ताई?"

"सगळ्या तसंच म्हणतात आधी."

हिरूने हातातलं काम बाजूला ठेवलं. टेबलावरचा शिंप्याचा खडू उचलून ती खाली फरशीवर बसली. कागदावर तिला काही सुचत नसे. फरशीवर तिने चौकट ओढली आणि आत भरत गेली. कितीतरी वर्षांनी ती चौक लिहीत होती. खडू फरशीवर घसरत होता, पण हात अडला नाही. हर्षला तिच्या शेजारीच उकिडवी बसली.

"हे कुठे असतं?"

"भिंतीवर. लग्नाच्या."

"मग हेच. कुठे घालू या? छातीवर नको, गर्दी होईल." हर्षलाने जरा विचार केला. "चर्चमध्ये नवरी पुढे उभी असते आणि माणसं मागे बसलेली असतात. तास-दीड तास सगळ्यांना तिची पाठच दिसते. मागच्या घेरावर घेऊ. कंबरेखालून सुरू करून खालपर्यंत. सोनेरी दोरा?"

"पांढरा," हिरू म्हणाली.

"पांढऱ्यावर पांढरा? लांबून दिसायचा नाही."

"जवळून दिसंल."

हर्षलाने पुन्हा फरशीकडे पाहिलं. "होय, चालेल. रेशमी दोरा वापरा. उजेड पडला की उठून येईल."

चौक कोणी लिहायचा असतो हे हर्षलाने विचारलं नाही, आणि हिरूने सांगितलं नाही. तिने मनाशी एवढंच धरलं की ही भिंत नाही, हे पीठ नाही. वाडीने मांडव नाकारला आहे. मग कापडावर सुईने काय काढायचं ते वाडी कशाला ठरवील?

हर्षलाने गाऊन बेतला आणि मशीनवरची शिलाई करून दिली. लग्नसराईत दुकानात टेकायला जागा नव्हती, म्हणून हातकाम हिरूने घरी नेलं. घर तर धुराचं. पांढऱ्या सॅटिनला धुराचा वास लागला तर जायचा नाही. तिने चूल उचलून मागच्या पडवीत मांडली. जुनी चादर धुऊन वाळवली आणि गाऊन तिच्यात गुंडाळून वाशाला टांगला. सकाळी लवकर उठून ती विहिरीवर रांगेला लागे. एक हंडा स्वयंपाकाला ठेवी, आणि एक कळशी नुसती हात धुवायला. शेजारणी बघत. पाणी एवढं महाग असताना ही बाई टाक्याटाक्याला हात धुते.

दुकानातून आली की उजेड जाईपर्यंत ती दारात बसून काम करी. पत्रा तापलेला, घाम कोपरापर्यंत ओघळायचा. मनगटाला फडकं बांधायचं, बोटांना पावडर लावायची, मग सुई धरायची. सॅटिन निसरडं. भरतकामाची रिंग जरा आवळली तर वळ पडे, ढिली सोडली तर रेघ वाकडी होई. डोळ्यांतून पाणी यायला लागलं की ती लांब डोंगराकडे बघून घेई आणि पुन्हा मान खाली घाली.

आधी चौकट झाली. मग चंद्र-सूर्य, मग शिडी. मध्ये एकदा गाऊन दुकानात दाखवायला नेला तेव्हा हर्षलाने अर्ध्या कामाचा फोटो काढून प्रियाला पाठवला. कणसरी काढली त्या दिवशी तिने जेवण केलं नाही. असा नेम कोणी सांगितला नव्हता. तिला जेवावंसं वाटलं नाही एवढंच. घोड्यावरचे नवरा-नवरी तिने शेवटाला ठेवले होते. नवरीच्या अंबाड्याला तिने एक बारीक मोती लावला. घोडा पुरा झाला तेव्हा ती कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती, हे तिलाच उशिरा समजलं.

तशातच पारू आली. तिला चाळण हवी होती. दारातून आत येताना तिची नजर वाशाला टांगलेल्या गाऊनवर गेली. चादर सरकली होती आणि दारातून तिरपं ऊन त्यावर पडलं होतं.

पारू जवळ गेली. बोट न लावता तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चौक हाय ह्यो."

"होय."

"कुनी लिवला?"

हिरूने खुंटीवरची चाळण काढून पुढे धरली.

"तू लिवलास?" पारूचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला. "पोरीच्या लग्नाचा चौक तू लिवलास, हिरू?"

"तुमी लिवनार व्हता काय, पारूबाय? लिवनार असलात तर सांगा. आत्ता उसवते."

"मांडव असता तर लिवला असता. माजी काय ती परकी हाय?" पारू चाळण न घेताच मागे वळली. दारात थांबून म्हणाली, "तुज्या हाताला कला हाय, कोन नाय म्हनत नाय. पन तुजा हात कसा हाय ते तुला कळाया पायजे. एकुलती पोर हाय तुजी."

ती गेल्यावर हिरूने चादर नीट ओढून घेतली. नंतर कळशीतलं पाणी घेऊन तिने हात धुतले, आणि धुवून झाल्यावरही ओले हात तसेच धरून बराच वेळ बसली.

पुढच्या रविवारी प्रिया ट्रायलला कर्जतला आली. ती पनवेलच्या एका दवाखान्यात नर्स होती. सुट्टी मागून आली होती, डोळ्यांखाली जागरण दिसत होतं. हर्षलाने तिला आत नेऊन गाऊन चढवला आणि बाहेर आरशासमोर आणून उभी केली. मागे दुसरा आरसा धरला.

हिरू दाराशी उभी होती. मुलीला एवढ्या पांढऱ्यात तिने कधी पाहिलं नव्हतं. कमरेखालून चौक उतरला होता. ट्यूबलाइटच्या उजेडात तो दिसेनासा होई, आणि प्रिया जरा वळली की पाण्यावर यावा तसा उमटे.

"बघ आईने काय केलंय," हर्षला म्हणाली.

प्रियाने मान वळवून आरशात पाहिलं. तिने हात मागे नेला. बोटं घोड्यावर टेकली आणि लगेच उचलली. "छान आहे," ती म्हणाली. मग आईकडे वळून, "आये, तू जेवलीस का?"

"जेवले."

"डोळे लाल झालेत तुझे."

एवढंच. कंबरेत थोडं सैल होतं, तेवढं हर्षलाने टाचण्या लावून घेतलं. निघताना प्रियाने आईला मिठी मारली ती जरा जास्तच वेळ. हिरूला वाटलं, सासरी जायची म्हणून असेल.

दोन-तीन दिवसांनी फोन आला. हिरू दुकानातच होती. आवाज नीट यावा म्हणून ती जिन्यात जाऊन उभी राहिली.

"आये, ऐक ना. रागावू नको."

"बोल गं."

"रूपेशच्या घरचे नको म्हणतायत. तो चौक. त्यात देव आहे ना, कणसरी. चर्चमध्ये तसं चालत नाही. त्यांच्यात साधाच गाऊन लागतो."

जिन्यावरून दुकानातली गिऱ्हाइकं उतरत होती. हिरू भिंतीला चिकटून उभी राहिली आणि त्यांना वाट दिली.

"नुसती कणसरीच उसवली तर? बाकीचं राहू दे?"

"सगळंच नको म्हणतात."

"तू काय म्हनतेस?"

"मला त्यांच्या घरात राहायचंय ना, आये."

"बरं," हिरू म्हणाली. "काढते. तू जिवाला लावून घेऊ नको."

हर्षला ऐकून संतापली. "सगळं झाल्यावर सांगतात? द्या मला तिच्या सासूबाईंचा नंबर. मी बोलते. देवाचं चित्र नाही म्हणावं, कणसाचं आहे. लोक चर्चमध्ये फुलं घालून नाही येत?"

"नको, ताई. पोरीला बोलनी बसतील."

"हिरूताई, सॅटिन आहे हे. उसवलं तर भोकं राहतात."

"राहू देत."

उसवायचं काम तिने घरी नेलं नाही, दुकानातच केलं. हर्षलाने आतल्या खोलीतलं टेबल रिकामं करून दिलं. हिरूने गाऊन उलटा पसरला आणि छोटी कात्री घेतली. भरताना सुई वरून खाली जाते. उसवताना मागच्या गाठीपासून सुरुवात करावी लागते. घोडा सगळ्यात शेवटी काढला होता, म्हणून सगळ्यात आधी तोच निघाला. तिने मोती कापून वाटीत टाकला. कात्रीचं टोक जरा चुकलं तर कापड जाईल, म्हणून ती श्वास धरून एकेक टाका उचले, कापे, चिमट्याने ओढून काढे. रेशमाचे बारीक तुकडे तिच्या मांडीवर, लुगड्याच्या घड्यांत, बोटांच्या घामाला चिकटत राहिले. दुकानातल्या पोरी चहाला बोलवायला आल्या आणि काही न बोलता परत गेल्या.

शिडी निघाली. फणी निघाली. कणसरीपाशी आल्यावर हिरू थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी कापडावर पडायला लागलं तेव्हा तिने घाईने खुर्ची मागे सारली, कारण सॅटिनवर पाण्याचा डाग पडतो. तोंड पदराने दाबून ती काही वेळ भिंतीकडे वळून उभी राहिली. मग परत बसली आणि कणसरी उसवली.

सगळं निघालं तेव्हा कापडावर चौक भोकांचा उरला होता. हर्षलाने वाफेची इस्त्री फिरवली, नखाने कापड घासून पाहिलं. बरीच भोकं मिटली. काही मिटली नाहीत. शेवटी तिने मागच्या घेरावर नेटचा एक थर लावून दिला.

"आता कोणाला कळायचं नाही," ती म्हणाली.

हिरूने नेटवरून हात फिरवला. बोटाला कळत होतं.

लग्नाच्या दिवशी हिरू एकटी निघायच्या तयारीत होती. प्रियाने गाडी पाठवते म्हटलं होतं, ते तिने नको म्हणून सांगितलं होतं. ती वाडीच्या उतारावर आली तर दशरथ मोटारसायकल घेऊन उभा. धुतलेला शर्ट, डोक्याला तेल.

"बस," तो म्हणाला.

"दादा, वाडी काय म्हनंल?"

"मी आत येत नाय. रस्त्याची सोबत."

खालापूर मागे टाकून दोघं पुढे रसायनीच्या फाट्याला लागले. रस्त्यावर टँकरांची रांग होती आणि हवेला औषधासारखा वास येत होता. चर्च म्हणजे साधी, उतरत्या पत्र्याची इमारत. पुढे आवार, त्यात जेवणाचा मांडव. दशरथने फाटकाबाहेर एका शिरीषाच्या सावलीत गाडी लावली आणि तिथेच बसला.

आत हिरूला पहिल्या ओळीत बसवलं. मागे सगळी अनोळखी माणसं होती, बहुतेक नगरकडून आलेली. गाणी मराठीच होती. प्रिया पुढे उभी राहिली आणि तिची पाठ सगळ्यांसमोर आली. पांढरी, कोरी. पाळकांनी बायबल वाचलं, दोघांनी शपथा घेतल्या. रूपेशचा आवाज घाबरल्यामुळे बारीक निघत होता. तो पोरगा हिरूला पहिल्यांदाच मनापासून आवडला. दोघांनी एकमेकांना अंगठ्या घातल्या. हिरूची नजर मात्र पुन्हा पुन्हा त्या नेटवर जात होती. भोकं कुठून कुठे जातात, घोडा कुठे होता, हे तिला बसल्या जागेवरून दिसत होतं.

जेवणाच्या वेळी रूपेशची आई, विनिता, स्वतः ताट घेऊन तिच्याकडे आली. निवृत्त शिक्षिका, गोल चेहऱ्याची, बोलायला मोकळी. हिरूच्या शेजारची खुर्ची ओढून ती बसली.

"प्रियाची आई, तुम्ही काही घेतलंच नाही. मटण वाढू का?"

"घेतलंय. तुमी बसा."

"एक मनातलं बोलू? रागावणार नाही ना?" विनिताने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला त्या चौकाची फार आशा होती. रूपेशने फोटो दाखवला होता मला, अर्धा झाला होता तेव्हाचा. आमच्या पाळकांनाही दाखवला मी. ते म्हणाले, मुलीच्या घरचा आशीर्वाद आहे, अवश्य घाला. नगरच्या नणंदांना फोन करकरून सांगितलं होतं, बघा आमच्या सुनेच्या आईचं काम. मग प्रिया म्हणाली, आईचे डोळे दुखायला लागले, पुरं झालं नाही. कसे आहेत आता डोळे?"

मांडवात पंखे घरघरत होते. पोरं आइस्क्रीमच्या काड्या घेऊन पळत होती. हिरूने ताटातला घास मोडला आणि तसाच ठेवला.

"बरं हायत आता," ती म्हणाली. "डोळंच दुकलं. जमलं नाय."

"असू दे हो. डोळ्यांपेक्षा काय मोठं आहे? दाखवून घ्या मात्र. प्रिया आहेच, तिच्या दवाखान्यात दाखवा."

"होय. दाखवते."

विनिता उठून दुसऱ्या पाहुण्यांकडे गेली. हिरू ताटाकडे बघत बसली. तिने काही शोधलं नाही, जुळवलं नाही. पारूचा दारातला आवाज आपोआप तिच्या कानात आला. पारूला प्रियाचा फोन नंबर पाठ होता. लहानपणी प्रिया अर्धी पारूच्याच घरी वाढली होती.

फोटो चालू होते. कोणाचा तरी बूट पडून गाऊनची खालची कड उसवली. प्रिया गाऊन दोन्ही हातांनी उचलून हिरूकडे आली. "आये, सुई आहे?"

सुई होती. दोघी चर्चच्या मागच्या खोलीत गेल्या. तिथे घडीच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. प्रियाने दार लोटलं. हिरू जमिनीवर बसली, घेर मांडीवर घेतला आणि टाके घालायला लागली.

"मम्मी काय बोलत होत्या तुझ्याशी?" प्रियाने विचारलं.

"जेवायचा आग्रो करत व्हत्या. चांगल्या हायत."

"आणखी काय?"

"काय नाय. डोळं कसं हायत म्हनल्या."

हिरू खाली बघूनच टाके घालत होती. थोड्या वेळाने घेर हलायला लागला, म्हणून तिने वर पाहिलं. प्रिया तोंडावर हात दाबून रडत होती. काजळ गालावर उतरलं होतं.

"पारूकाकीचा फोन आला होता, आये."

"पूस ते. गाऊनवर पडंल."

"माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. तुला माहितीये. पण ती म्हणाली, बाबा कसे गेले आठव. त्या रात्रभर मला झोप नाही लागली. रूपेशला टाक्यांवर चढावं लागतं कंपनीत. मला सारखं तेच दिसायला लागलं." ती खाली बसू पाहत होती, पण गाऊनमुळे बसता येईना. "मला भीती वाटली, आये. तुला सांगायला तोंड नव्हतं. म्हणून त्यांच्यावर ढकललं."

हिरूने टाका पुरा केला. गाठ मारली. दोरा ओढून तोडला. उसवलेली कड तिने नीट बसवून पाहिली.

"झालं बघ," ती म्हणाली.

"आये, काहीतरी बोल."

"आई हाय मी तुजी. कळतं मला. भीती वाटनारच." ती भिंतीला धरून उठली. आपल्या पदराच्या टोकाने मुलीचं काजळ टिपायला तिने हात पुढे केला. हात मध्येच थांबला. मग तिने पदराचं टोक प्रियाच्याच हातात दिलं. "पूस तू. मी पुसलं तर पसरंल."

प्रियाने तिच्याकडे पाहिलं. बाहेरून रूपेश हाका मारत होता.

ऊन कलल्यावर गाडी निघायची वेळ झाली. नवरा-नवरी एकेकाच्या पाया पडत होते. विनिताने दोघांच्या डोक्यांवर हात ठेवून डोळे मिटले आणि प्रार्थना पुटपुटली. नगरच्या नणंदांनी ठेवला, पाळकांनी ठेवला. दोघं हिरूसमोर वाकली. हिरूने दोन्ही हात जोडले आणि छातीशी घट्ट धरले. दोघं वाकलेलीच राहिली.

"आई, डोक्यावर हात ठेवा ना," रूपेश खालूनच म्हणाला.

"हात मळलंत बाबा माजं. आत्ता जेवले मी," हिरू म्हणाली. "उटा. सुकात राव्हा."

प्रिया उठली तेव्हा तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. तिने आईचे हात धरायला हात पुढे केले, पण विनिता गाडीचं दार उघडून उभी होती आणि मागे माणसं दाटली होती. घेर सावरून तिला आत बसवलं. गाडी फाटकातून वळेपर्यंत ती मागच्या काचेतून बघत होती. हिरूचे हात छातीशीच होते. गाडी दिसेनाशी झाली तरी तिने ते सोडले नाहीत.

दशरथ शिरीषाखालून उठून आला. त्याने लांबून सगळी गर्दी पाहिली होती, पण माणसांच्या पाठींतून त्याला नीट काही दिसलं नव्हतं. किक मारण्याआधी तो थोडा घुटमळला.

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवलास ना, हिरू?"

"ठेवला, दादा," हिरू म्हणाली. "दोगांच्या पन."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.